धूर जाळणारा बंब



'तुमच्या त्या बंबाविषयी वार्तापत्रात लिहा' असा निरोप मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या नातवाबरोबर पाठवला. मी लेखक नव्हे. याच शाळेतून एस.एस.एल.सी. झालो, आय.टी.आय.मध्ये फिटरचे शिक्षण घेतले आणि पुढची चौतीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाच्या संगतीत काढली. पहिली नऊ वर्षे फाउंड्रीत, बाकीची फॅब्रिकेशनमध्ये. निवृत्तीनंतर घराच्या मागे दहा बाय बाराची एक शेड घातली आहे. तिच्यात वेल्डिंग सेट, ड्रिल मशीन, ग्राइंडर, एक जुनी वाईस आणि माझ्या वडिलांचा लाकडी पेटीतला गुण्या, एवढी माझी संपत्ती. तेव्हा हे एका फिटरचे लिखाण आहे असे समजूनच वाचावे.

आमच्या घरी माणसे नऊ. सर्वांत वडील माझी आई, वय वर्षे ८६. सर्वांत धाकटी माझी नात, तेव्हा पाच वर्षांची. आंघोळीचे पाणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या बंबात तापते. मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता गिझर असेल, म्हणून बंब म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या आणि कोळसा टाकायचा, खाली जाळीवर विस्तव आणि भोवती पाणी. वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी येते. गोव्यात आमच्या मावशीकडे चुलीवर बसवलेले तांब्याचे भाण असे, तर शेजारच्या कन्नड घरात त्याला हंडे म्हणतात. नावे निराळी, पण धूर सगळ्यांचा सारखाच.

हा धूरच आमच्या घरात वादाचे कारण झाला. नातीला दम्याचा त्रास सुरू झाला. पावसाळ्यात ओले सरपण पेटायला लागले की न्हाणीघराच्या खिडकीतून धूर सरळ मुलांच्या खोलीत जाई आणि पोर रात्रभर खोकत बसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "औषध मी देतो, पण धूर तुम्ही बंद करा." सूनबाई म्हणाली, "बाबा, बंब काढून गिझर बसवूया." तिचे काय चुकले? आईचे म्हणणे असे की पाऊस आणि वारा सुरू झाला की दिवसातून तीनदा करंट जातो, मग नऊ माणसांनी गार पाण्याने आंघोळ करायची का? सौरबंबाचा विचार झाला, पण बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर सूर्याचे तोंड दिसू देत नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी २०२३ च्या मे महिन्यात घरात ठराव झाला. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापर्यंत एक तर धूर जाईल, नाही तर बंब मोडीत जाईल. मध्ये पाच-साडेपाच महिने होते. ते काम मी अंगावर घेतले.

धूर म्हणजे काय?

काम हातात घेण्यापूर्वी शत्रूची ओळख हवी. धूर म्हणजे लाकूड जळून उरलेली घाण, असे आपण समजतो. खरे म्हणजे धूर हे न जळालेले इंधन आहे.

याचा पुरावा तुम्ही शाळेत पाहू शकता. शिक्षक समोर असतानाच हा प्रयोग करावा. एक मेणबत्ती दोन-तीन मिनिटे जळू द्या आणि हलकेच विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. जळती काडी वातीला न लावता, दोन बोटे वर त्या धुराला लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ. मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली होती. १८६०-६१ च्या नाताळातली त्यांची व्याख्यानमाला पुस्तकरूपाने आजही वाचली जाते.

लाकडाचेही तसेच आहे. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी उडते. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड स्वतःच फुटू लागते आणि त्यातून वायू, वाफा आणि डांबर बाहेर पडते. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग असा हवेत निघून जातो. मागे राहतो तो कोळसा. म्हणजे चुलीत आपण ज्याला 'लाकूड जळते' म्हणतो, तिथे ज्वाळा लाकडाची नसतेच. लाकडातून निघालेल्या वायूची असते.

मग बंबात हा वायू सगळा का जळत नाही? कारण त्याला तीन गोष्टी लागतात. सहा-सातशे अंशांच्या वर उष्णता, नीट मिसळलेली पुरेशी हवा, आणि जळून संपायला थोडा वेळ. बंबाच्या नळीला चारी बाजूंनी गार पाणी लागून असते. ज्वाळा त्या गार भिंतीला टेकली की विझते आणि अर्धवट राहिलेला वायू धूर होऊन निघून जातो. आपण ज्वाळेकडून पाणी तापवण्याचे काम फार लवकर मागतो. आधी तिला पुरती जळू द्यावी, मग तिची उष्णता पाण्याला द्यावी. माझ्या साऱ्या उद्योगाचे सार या एका वाक्यात आहे.

कल्पना जुनीच

हा शोध माझा नव्हे. फिलिप लबों नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७९९ मध्ये लाकडापासून काढलेल्या गॅसवर दिवे लावण्याचे पेटंट घेतले होते. पुढे १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्येच जॉर्ज इम्बर्ट यांनी लाकडाच्या गॅसवर मोटार चालवणारी भट्टी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात लाखो गाड्या अशा भट्ट्यांवर धावल्या. आपल्या देशातही त्या काळात पेट्रोलवर रेशनिंग आले आणि बसगाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी आली. "चढ आला की उतरून ढकलायला लागायची," असे माझे वडील सांगत.

आपल्या जवळचे उदाहरण द्यायचे तर बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तिथली कमी धुराची 'अस्त्र ओले' चूल कर्नाटकात खेडोपाडी गेली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी गावात १९८८ साली लाकडाच्या गॅसवर चालणारे छोटे वीजकेंद्र याच संस्थेने उभारले. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि बगॅस यांपासून गॅस काढून भट्ट्या चालवून दाखवल्या. थंड देशांत तर घर उबदार ठेवायला लाकडाचा गॅस करून जाळणारे बॉयलर कारखान्यात तयार होतात. मला त्याचीच धाकटी, बेळगावच्या न्हाणीघराला पुरेशी आवृत्ती करायची होती.

भट्टीची रचना

शेडच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढले. फॅब्रिकेशनमधली ही जुनी सवय. कागदावर चित्र छोटे असते, तिथे सगळेच मावते. फरशीवर काढले की हात कुठे शिरणार नाही ते लगेच कळते. नातू तेव्हा नववीत होता. खडूच्या रेघा मारायला तो होता, टेप धरायलाही तोच.

चित्रात तीन भाग होते. वरच्या कोठीत लाकूड भरायचे. ती विटांनी बांधलेली, वर घट्ट झाकण. कोठीच्या तळाला फक्त एक फट. साध्या चुलीत धूर वर जातो. इथे त्याला वरची वाट बंद, त्यामुळे तो निखाऱ्यांच्या थरातून खाली ओढला जातो. तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना त्यातल्या पाण्याच्या वाफेचा आणि कार्बन डायऑक्साइडचा काही भाग बदलून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. हे दोन्ही जळणारे वायू आहेत. फटीपाशी दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांतून ताजी हवा मिळते आणि खालच्या, दुसऱ्या कोठीत वायू पेट घेतो. ही कोठीही विटांचीच, पाण्याचा तिला कुठेही स्पर्श नाही. तिथे ज्वाळा पूर्ण जळते. त्यानंतरच तो तापलेला, स्वच्छ झालेला वायू तिसऱ्या भागात, म्हणजे पाण्याच्या पिंपात शिरतो. पिंपात दीड इंची नऊ उभ्या नळ्या आहेत. वायू नळ्यांतून, पाणी नळ्यांभोवती.

फाउंड्रीतली नऊ वर्षे इथे उपयोगी पडली. ज्वाळेच्या तोंडाशी साधे लोखंड ठेवले तर पापुद्रे सुटून महिन्या-दोन महिन्यांत ते झिजते. म्हणून फटीची वीट कास्टेबल सिमेंटची ओतली. ओतीव लोखंडाच्या लॅडलला आतून जे अस्तर करतात त्याच जातीचा माल. ओतल्यावर एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, मग मंद आचेवर हळूहळू तापवत न्यायचा. घाई केली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन वीट फुटते. फट नेमकी किती ठेवावी हे लाकडावर आणि हवेच्या ओढीवर अवलंबून असते, म्हणून तीन मापांच्या तीन विटा ओतून ठेवल्या. आमच्या अकेशियाच्या ढलप्यांना मधली, दोन बोटे रुंद आणि चार बोटे लांब, मानवली.

भट्टीच्या भोवती उष्णता धरून ठेवायला भाताच्या तुसाची राख भरली. उष्णता अडवण्यात ती उत्तम, आणि आपल्या भागात भात गिरण्यांना तोटा नाही. दोन पोती राखेला चहापाण्याचे पैसे पडले.

वेल्डिंग मी केले, पण पिंपाच्या नळ्यांचे जोड माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून करून घेतले. तो कन्नड बोलतो, मी मराठी, आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांना भाषा नसते. नळ्यांचे जोड तपासायची त्याची पद्धत नातवाला फार आवडली. जोडाच्या एका बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, वाळू द्यायची आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल फिरवायचे. सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी पांढऱ्या खडूवर काळपट ठिपका उमटतो. आम्ही रात्रभर वाट पाहिली. सकाळी खडू पांढराच होता.

दोन गोष्टी ज्यांच्याशी खेळू नये

पालकांनी आणि मोठ्या मुलांनी हा भाग नीट वाचावा.

पहिली गोष्ट वाफेचा दाब. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. जागा मिळाली नाही तर भांडे फोडते. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये देशासाठी कायदा आला आणि आता २०२५ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आहे. दाबाखालची वाफ हा घरच्या शेडमधला विषय नव्हेच. आमच्या भट्टीत वाफ करायची नाही, फक्त पाणी तापवायचे. पिंपाच्या वर उंचावर टाकी आहे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते आणि गार पाणी खाली येते, पंप लागत नाही. टाकीच्या माथ्यावरून एक इंची नळी सरळ आभाळाकडे उघडी आहे. त्या नळीवर व्हॉल्व्ह नाही, तोटी नाही, टोपणही नाही. पाणी उकळलेच तर वाफ निमूट बाहेर जाईल. नातवाने विचारले, "आजोबा, तिथून ऊन वाया नाही का जाणार?" मी म्हटले, "जाऊ दे. ते घराच्या सुरक्षिततेचे भाडे आहे."

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटतही नाही. डोके दुखते, गळून गेल्यासारखे होते, झोप येते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. बंद न्हाणीघरात निखाऱ्याची शेगडी किंवा गॅसचा गिझर लावून माणसे दगावतात ती यामुळेच. आमच्या भट्टीत तर हा वायू मुद्दाम तयार करायचा आणि मग जाळायचा होता. म्हणून पहिला नियम, भट्टी घराच्या भिंतीपासून दूर, तिन्ही बाजूंनी उघड्या छपराखाली. दुसरा नियम, हवा फुंकायची नाही, ओढायची. भात्यासारखा पंखा पुढे लावून हवा आत ढकलली तर झाकणाच्या प्रत्येक फटीतून विषारी वायू बाहेर येईल. पंखा शेवटी, धुराड्यापाशी लावून ओढले, तर फट असली तरी बाहेरची हवा आत जाईल. पंख्याला लहान बॅटरी जोडली आहे. तीही बंद पडली तर एक झडप आपोआप उघडते आणि वायू थेट बारा फुटी धुराड्याने वर निघून जातो. तिसरा नियम माझा स्वतःचा. झाकण उघडण्याचा अधिकार घरात दोघांनाच, मला आणि मुलाला.

पहिला विस्तव

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भट्टी पेटवली. थंड विटा धूर जाळू शकत नाहीत, त्यामुळे पहिली वीस मिनिटे झडप उघडी ठेवून साध्या चुलीसारखी जाळायची असते. धुराड्यातून पांढरा धूर निघाला. शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी डोकावली. सूनबाई दारात उभी होती, नात तिच्या कडेवर. कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता.

निखाऱ्यांचा थर जमल्यावर झडप बंद केली. क्षणभर काहीच नाही. मग खालच्या कोठीतून एक खोल, एकसारखी घरघर सुरू झाली. अभ्रकाच्या झरोक्यातून पाहिले तर फटीतून ज्वाळा खाली तोंड करून सुटली होती. तळाच्या विटा आधी काळ्या, मग मंद लाल आणि अर्ध्या तासाने नारिंगी झाल्या. फाउंड्रीत काम केलेल्याला तो रंग ओळखायला तापमापक लागत नाही. हजार अंशांच्या आसपासचा तो रंग.

धुराड्याकडे पाहिले. तिथे काहीही नव्हते. फक्त मागचे नारळाचे झाड उन्हात हलल्यासारखे दिसत होते. आई काठी टेकत बाहेर आली, वर पाहिले आणि म्हणाली, "का रे, विझला का?" चौतीस वर्षांच्या नोकरीत मला अनेकांनी शाबासकी दिली असेल. पण या प्रश्नाएवढी मोलाची एकही नाही.

हिशेब

आता थोडे गणित. नातवाने दोन आठवडे वहीत नोंदी ठेवल्या, त्यांवरून सांगतो. आमच्या पिंपात आणि टाकीत मिळून २०० लिटर पाणी मावते. ते २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २०० गुणिले ४०, म्हणजे ८,००० किलोकॅलरी लागतात. सुकलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एक कणही वाया गेला नाही तर सव्वादोन-अडीच किलो लाकूड पुरावे. जुन्या बंबात एवढ्याच पाण्याला आम्ही ८ किलो लाकूड जाळत होतो. म्हणजे जवळजवळ पाऊणपट उष्णता आभाळाला आणि मुलांच्या खोलीला जात होती. नव्या भट्टीला साडेतीन किलो लागते. शंभरातले सुमारे पासष्ट पाण्यात उतरतात. कारखान्यात तयार होणारे बॉयलर याहून पुष्कळ पुढे आहेत. घरच्या शेडला हे पुरे.

आणखी एक गोष्ट त्या वहीतून कळली. मंद विस्तव म्हणजे काटकसर, असे आपल्याकडे समजतात. इथे उलटे आहे. हवा कोंडून विस्तव मंद केला की विटा थंडावतात आणि धूर परत येतो. म्हणून भट्टी पेटवली की पूर्ण जोमाने सव्वा तास जाळायची आणि सगळी उष्णता टाकीत साठवायची. टाकीला राखेचेच अंगरखे आहे. पहाटे तापवलेले पाणी दुपारपर्यंत आंघोळीजोगे राहते.

लाकूड सुके हवे, हेही ओघाने आलेच. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवायला जाणारी उष्णता मोजली तर फार नाही. किलोभर ओल्या लाकडातले अर्धा किलो पाणी उडवायला सुमारे ३१० किलोकॅलरी लागतात आणि उरलेल्या अर्धा किलो सुक्या भागातून सुमारे २,२०० मिळतात. खरे नुकसान निराळे आहे. पाण्याच्या वाफेने कोठी थंडावते, आणि थंड कोठीत धूर जळत नाही. म्हणून आम्ही उन्हाळ्यातच सॉ मिलमधून अकेशियाचे तुकडे आणून छपराखाली हवा खेळेल असे रचतो. मुलांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. लाकडाच्या एका तुकड्यावर खूण करा, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि आलेख काढा. वजन घटायचे थांबले की ते लाकूड त्या हवेत सुकायचे तेवढे सुकले. आमच्या नातवाने काढलेला आलेख अजून शेडच्या दारावर आहे.

हे यंत्र सर्वांनी करावे असे मी म्हणणार नाही. ढलप्या सारख्या मापाच्या फोडाव्या लागतात, दर रविवारी नळ्यांतून ब्रश फिरवावा लागतो, राख काढावी लागते. सामानाला अठरा हजार रुपये लागले, त्यात माझी मजुरी धरलेली नाही. ज्यांच्या घरी वीज आणि ऊन भरवशाचे आहे त्यांनी सौरबंब बसवावा, हे मी फिटर असूनही सांगतो. आणि नातीचा दमा बंबाने बरा झाला, असेही मी म्हणणार नाही. तिचे औषध चालू आहे आणि डॉक्टरांकडे जाणे येणे आहे. मी एवढेच सांगू शकतो की तिच्या खोलीची खिडकी आता पावसाळ्यातही सकाळी उघडी असते.

त्या दिवाळीला अभ्यंगस्नानाचे पहिले पाणी आईच्या हस्ते काढले. पहिली आंघोळ सूनबाईच्या आग्रहावरून नातीची झाली.

मुलांना आणि विश्वस्तांना

या पाच महिन्यांत नातू जे शिकला ते मोजले तर यादी मोठी होईल. विशिष्ट उष्णता, वायूंचे प्रसरण, क्षेत्रफळ, आलेख हे सगळे त्याच्या पुस्तकात होतेच. पण नळीच्या आतल्या बाजूचे क्षेत्रफळ काढल्याशिवाय पाणी किती वेळात तापेल हे कळत नाही, असे दिसल्यावर तो स्वतः वही घेऊन बसला. काटकोन म्हणजे ९० अंश हे त्याला ठाऊक होते. गुण्या लावून ८९ अंशांचा कोपरा दिसला की झाकण बसत नाही, हे त्याला हाताने कळले. हाताला कळलेली गोष्ट डोके सहसा विसरत नाही.

आपल्या शाळेचा मजला वाढला, संगणक आले, याचा माजी विद्यार्थी म्हणून मला अभिमान आहे. विश्वस्त मंडळींना एक विनंती करतो. कार्यानुभवाच्या तासासाठी एक छोटी शेड असावी. तिच्यात दोन वाईस, चार कानशी, करवत, पटाशी, गुण्या आणि एक वजनकाटा असला तरी सुरुवात होईल. माझ्यासारखे निवृत्त कारागीर आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत. त्यांना मानधन नको, विचारणारी मुले हवीत. वाईस आणि कानशी मी माझ्याकडच्या देईन.

जुना तांब्याचा बंब आम्ही मोडीत घातला नाही. घासून, चिंच लावून लखलखीत केला आहे. विज्ञानाच्या बाईंना तो वर्गात दाखवायला हवा असल्यास रिक्षात घालून आणून देईन. शेजारी-शेजारी दोन्ही पाहिले म्हणजे धूर कुठे आणि का जळतो ते मुलांना चटकन समजेल.

भट्टी पाहायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर यावे. पालकांची चिठ्ठी आणावी, सुती कपडे आणि बंद चपला घालाव्यात. झाकणाला हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते विचारावे.

(लेखक शाळेचे माजी विद्यार्थी व पालक आहेत.)